देकू आणि काच्चान: ग्राउंड बीटावरच्या रात्रीचं प्रकरण

‘माय हीरो अकॅडेमिया’ या जपानी मांगातली (चित्रकथेतली) आणि तिच्यावरच्या ॲनिमेतली (कार्टून मालिकेतली) सगळ्यात महत्त्वाची लढत कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण कामिनो या भागात पहिल्या क्रमांकाचा हीरो ऑल माइटने महाखलनायक ऑल फॉर वनला लोळवलं ती सांगतील. काही जण शेवटच्या महायुद्धाकडे बोट दाखवतील. माझं मत 2018 साली आलेल्या 3ऱ्या सीझनच्या शेवटाकडच्या एका भांडणाला आहे. रात्रीची वेळ, ग्राउंड बीटा हे शाळेचं रिकामं सराव-मैदान, समोर एकही व्हिलन नाही. आहेत ती फक्त लहानपणापासून एकमेकांना ओळखणारी, सोळा वर्षांची दोन पोरं. जिंकून मिळण्यासारखं काही नाही, टाळ्या वाजवायला कुणी नाही. आणि तरी पुढच्या पाच सीझनचा पाया त्या मैदानावर घातला गेला.

हे प्रकरण त्या रात्रीचं. इझुकु मिदोरिया म्हणजे देकू आणि कात्सुकी बाकुगो म्हणजे काच्चान यांच्यात कोण वरचढ, यावर चाहते वर्षानुवर्षं वाद घालत आलेत. मला तो वादच चुकीच्या जागी वाटतो. बाकुगोला हरण्याची भीती होती, हे खरंच. पण त्याहून जास्त त्याला एक गोष्ट खुपत होती. आपण पडलेलो असताना आपल्याला कुणी पाहिलं, आणि पाहणारा दर वेळी तोच एक निघाला. ही गाठ सुटेपर्यंत त्याने देकूला शंभर वेळा हरवलं असतं तरी काही उपयोग नव्हता. त्या रात्री नेमकं तेच घडलं: बाकुगो जिंकला आणि त्या जिंकण्याने काहीही मिटलं नाही. मिटलं ते वेगळ्याच कारणाने.

पुढे कथा शेवटापर्यंत उघड होणार आहे. ॲनिमे अर्धवट पाहिला असेल तर इथेच थांबलेलं बरं.

मागचा इतिहास

कोहेई होरिकोशी यांची ही मांगा जुलै 2014 मध्ये ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि 430 प्रकरणांनंतर ऑगस्ट 2024 मध्ये संपली. बोन्स स्टुडिओचा ॲनिमे एप्रिल 2016 पासूनचा. या जगात सुमारे 80 टक्के लोकांना कुठली ना कुठली जन्मजात शक्ती असते, तिला क्वर्क म्हणतात. हीरो हा तिथे रीतसर परवाना असलेला पेशा आहे.

इझुकु चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी त्याच्या पायाच्या करंगळीचा एक्स-रे बघून सांगून टाकलं की या मुलाला क्वर्क येणार नाही. शेजारच्या कात्सुकीच्या तळहातांतून मात्र ठिणग्या उडू लागल्या. त्याच्या घामात नायट्रोग्लिसरीनसारखा पदार्थ असतो आणि मनात येईल तेव्हा तो त्याचा स्फोट घडवू शकतो. मोठ्यांनी कौतुक केलं, पोरांनी त्याला पुढारी केलं. तो होताही तसाच. वाचायला सगळ्यांच्या आधी शिकला, पाण्यावर दगड उडवण्यातही पहिला. इझुकुचं नाव लिहिण्याची चिन्हं ‘देकू’ अशीही वाचता येतात आणि त्याचा अर्थ बिनकामाचा असा होतो, हा शोधही त्यानेच लावला. टोपणनाव चिकटलं.

त्या काळातला एक प्रसंग सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. पोरांची टोळी रानात भटकायला निघालेली, बाकुगो पुढे. ओढ्यावर आडवं पडलेलं लाकूड ओलांडताना त्याचा पाय घसरतो आणि तो खाली पाण्यात पडतो. उंची फारशी नाही, पाणीही फारसं नाही. वरची पोरं बेफिकीर: काच्चान आहे, त्याला काय होणार! एकटा इझुकु पाण्यात उतरतो, हात पुढे करतो आणि विचारतो: उठता येतंय ना? डोक्याला तर नाही ना लागलं?

एवढंच. कुणीही लहान मूल करील अशी गोष्ट. पण बाकुगोच्या डोक्यात ती फार वेगळी नोंदली गेली. ज्याच्याकडे काहीच नाही, तो मला हात देतो? म्हणजे हा मला कमी लेखतो. बाकीच्या पोरांच्या बेफिकिरीत त्याला मान दिसला आणि त्या एकाच्या काळजीत अपमान. होरिकोशींनी हा प्रसंग पहिल्या सीझनमध्ये लहानशा आठवणीसारखा आणलाय आणि नंतर पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळलेत. इझुकुला तो लक्षात ठेवण्यासारखा वाटतच नाही. बाकुगो मात्र दहा-बारा वर्षं तो उराशी घेऊन फिरतो. एकाला आठवतही नाही आणि दुसरा त्यावर अख्खा स्वभाव बेतून बसलाय, असली भांडणं सोडवायला सगळ्यात अवघड.

माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत याचं उघड छळात रूपांतर झालेलं असतं. वर्गशिक्षक करिअरचे फॉर्म हवेत भिरकावत सगळ्यांना हीरोच व्हायचंय म्हणून हसतात, आणि मिदोरियाही यूए या हीरो घडवणाऱ्या नामांकित शाळेलाच अर्ज करणार आहे हे भर वर्गात जाहीर करतात. वर्ग खिदळतो. मग बाकुगो त्याची हीरोंच्या निरीक्षणांची 13 नंबरची वही स्फोटाने जाळून खिडकीबाहेर फेकतो आणि जाता जाता सांगतो की क्वर्क हवाच असेल तर पुढच्या जन्मी मिळेल अशा आशेने गच्चीवरून उडी टाक. मालिकेने या वाक्याची धार कुठेही बोथट केलेली नाही. इझुकु मनातल्या मनात चडफडतो की मी खरंच उडी मारली तर आत्महत्येला चिथावणी दिल्याचा ठपका तुझ्यावर येईल, बोलण्याआधी जरा विचार कर. मोठ्याने तो काहीच बोलत नाही. मग खाली जाऊन माशांच्या हौदात पडलेली वही बाहेर काढतो.

त्याच दिवशी चिखलासारखा एक व्हिलन बाकुगोला गिळायला लागतो. व्यावसायिक हीरो आपापल्या क्वर्कची अडचण सांगत थबकलेले असताना ज्याच्याकडे काहीच नाही तो पोरगा धावत सुटतो. का धावलास, तर काच्चानच्या डोळ्यांत मदतीची हाक दिसली म्हणून. ऑल माइट त्यातून त्याला आपली शक्ती देण्यासाठी वारस निवडतो, ही झाली कथेची अधिकृत सुरुवात. प्रकरणाच्या दृष्टीने त्यानंतरची दोन मिनिटं जास्त मोलाची आहेत. हीरो मंडळी बाकुगोची पाठ थोपटतात आणि देकूची खरडपट्टी काढतात. आणि घरी जाताना बाकुगो त्याला गाठून ओरडतो की मी तुझ्याकडे मदत मागितली नव्हती, उपकार केल्याच्या भ्रमात राहू नकोस. ओढ्यानंतरची ही दुसरी नोंद.

यूएतले पहिले महिने

यूएच्या प्रवेश परीक्षेत बाकुगो 77 गुण घेऊन पहिला येतो. सगळेच्या सगळे गुण यंत्रमानव फोडल्याचे, वाचवल्याचा एकही नाही. देकूचे 60 गुण, सगळे दुसऱ्याला वाचवल्याचे. फोडल्याचा एकही नाही. दोघांमधला फरक इतक्या स्वच्छ आकड्यांत मांडणं थोडं बाळबोध आहे, पण लक्षात राहतं खरं.

वर्ग 1-अ सुरू होतो आणि पहिल्याच लढाईच्या तासाला आता तिथे शिकवणारे ऑल माइट चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात. देकू आणि उराराका हीरो, बाकुगो आणि इइदा व्हिलन. जागा ग्राउंड बीटा, म्हणजे सरावासाठी बांधलेलं नकली शहर. कालपर्यंत क्वर्क नसलेल्या पोराने आदल्या दिवशीच्या चाचणीत चेंडू नजरेआड फेकलेला बाकुगोने पाहिलाय. त्याला वाटतं, हा इतकी वर्षं लपवत होता आणि मला हसत होता. तो इमारतीत शिरून थेट देकूवर झडप घालतो, उजव्या हाताचा मोठा फटका आणतो, आणि देकू तोच हात पकडून त्याला जमिनीवर आपटतो. कसं जमलं? तू नेहमी सुरुवात उजव्या हाताच्या मोठ्या फटक्यानेच करतोस, असं देकू सांगतो. जाळून फेकलेल्या वहीत ते लिहिलेलं होतं.

पुढे बाकुगो मनगटावरच्या हातबॉम्बच्या आकाराच्या कवचात साठवलेला घाम एका झटक्यात पेटवून इमारतीची भिंत उडवतो. वर्गमित्र किरिशिमा हा खेळ थांबवा म्हणतो. ऑल माइट फक्त ताकीद देतात. देकू शेवटी बाकुगोवर चालून जातोय असं भासवून वरच्या मजल्याचं छत फोडतो आणि सामना उराराकाच्या हाती जातो. एक हात त्या ठोशाने मोडतो, दुसरा स्फोट अडवताना भाजतो. बाकुगोला साधं खरचटतं, आणि तो हरलेला असतो.

संध्याकाळी हात गळ्यात बांधून देकू शाळेच्या फाटकाकडे धावतो आणि सांगून बसतो की ही शक्ती माझी नाही, कुणाकडून तरी मिळालीय, अजून माझी झालेली नाही. ऑल माइटला दिलेला गुप्ततेचा शब्द तो इथे अर्धा मोडतो. कशासाठी? बाकुगोने आपल्याला खोटारडं समजू नये, एवढ्यासाठी. मला तरी हा देकूचा सगळ्यात माणुसकीचा आणि सगळ्यात बेजबाबदार क्षण वाटतो. बाकुगोला त्याचा अर्थ लागत नाही, पण तो ते विसरत नाही. रडत रडत तो ओरडतो की आज मी हरलो, पण इथला पहिला मीच होणार.

मधल्या काळात क्रीडा महोत्सवात तो खरोखर पहिला येतो, आणि वर्गमित्र तोदोरोकी पूर्ण ताकदीने लढला नाही म्हणून इतका पिसाळतो की पदक द्यायला त्याला साखळदंडांनी बांधून उभं करावं लागतं. हे दृश्य विनोदी म्हणून पाहिलं जातं. मला त्यात विनोद थोडाच दिसतो. राष्ट्रीय वाहिनीवर मुसक्या बांधून उभ्या केलेल्या या पोराला पाहून व्हिलन लीगला वाटतं की हा आपल्यात येईल, आणि उन्हाळी शिबिरातून ते त्याला उचलून नेतात.

मग कामिनो. देकू, किरिशिमा, तोदोरोकी, इइदा आणि यायोरोझु लपून तिथपर्यंत पोहोचतात. सुटकेची योजना देकूची: तोदोरोकीने बर्फाचा उतार उभा करायचा, आपण आणि इइदाने वेगाने वर झेप घ्यायची, आणि हवेतून जाताना किरिशिमाने बाकुगोला हाक मारून हात पुढे करायचा. किरिशिमानेच. कारण देकूला पक्कं माहीत आहे की आपला हात बाकुगो धरणार नाही. एवढ्या गडबडीत, ऑल फॉर वन समोर असताना, हा पोरगा मित्राच्या अहंकाराचा हिशेब बरोबर मांडतो आणि स्वतःला बाजूला ठेवतो. ओढ्यातला तो हात किती खोल रुतलाय हे याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही.

बाकुगो सुटतो. त्याच रात्री ऑल माइटची उरलीसुरली शक्ती संपते, टीव्हीवर सगळ्या देशासमोर त्यांचा हाडकुळा खरा देह उघडा पडतो आणि ते निवृत्त होतात.

त्या रात्री काय झालं

काही आठवड्यांनी तात्पुरत्या परवान्याची परीक्षा होते. देकू पास. बाकुगो नापास, कारण बचावाच्या फेरीत जखमी म्हणून बसवलेल्या लोकांशीही तो शिव्यांनीच बोलला. त्याच संध्याकाळी वसतिगृहात तो देकूच्या जवळून जाताना हळूच सांगतो: नंतर बाहेर ये, तुझ्या क्वर्कबद्दल बोलायचंय.

तो त्याला ग्राउंड बीटावर नेतो, जिथे ते पहिल्यांदा लढले होते. आणि तिथे तो स्फोट करत नाही, आधी बोलतो. कामिनोत कळलं की ऑल फॉर वन दुसऱ्यांचे क्वर्क घेऊ शकतो, देऊ शकतो. म्हणजे क्वर्क एकाकडून दुसऱ्याकडे जातो ही थाप नाही. तू म्हणालास, कुणाकडून तरी मिळाली. तुझ्यात शक्ती आली तेव्हापासून ऑल माइट क्षीण होत गेले. निवृत्त होताना टीव्हीवर त्यांनी बोट दाखवून ‘आता तुझी पाळी’ म्हटलं, तेव्हा बाकी देश भारावला आणि तू रडलास. ही शक्ती तुला ऑल माइटने दिली.

बाकुगोला आरडाओरडा करणारा उथळ पोरगा समजणाऱ्यांनी हा तर्क पुन्हा ऐकावा. साऱ्या वर्गात हे कोडं त्यानेच सोडवलंय, आणि एकट्याने. देकू नाही म्हणत नाही. तेवढं उत्तर पुरेसं असतं.

मग तो लढ म्हणतो. देकू टाळतो, नियम आहेत, जखमा होतील, उद्या शाळा आहे. बाकुगो ऐकत नाही, आणि लढाईच्या मध्यावर त्याच्या तोंडून ते बाहेर पडतं जे कामिनोपासून कुणालाही सांगितलेलं नसतं. मी कमकुवत निघालो, पकडला गेलो, म्हणून ऑल माइट संपले. त्यांना संपवणारा मी. कुणाला सांगू? विचार करायचा नाही म्हटलं तरी डोक्यात तेच येतं. काय करू, मला कळत नाही.

सोळा वर्षांचं पोर, ज्या माणसाचं चित्र भिंतीवर लावून वाढलं त्याच्या अंताला स्वतःला जबाबदार धरतंय, आणि शाळेतल्या एकाही मोठ्याने त्याला विचारलेलं नाही. देकूला हे कळतं तेव्हा तो टाळणं सोडतो. आत्ता हे झेलायला आपल्याशिवाय इथे कुणी नाही, म्हणून तो लढायला उभा राहतो. त्याचबरोबर बजावतो की मार खाणारी गोणी मात्र मी होणार नाही.

लढाईचं चित्रण ॲनिमेत फार वरच्या दर्जाचं आहे, पण इथे तपशील दोनच. पहिला, देकू आता पायांनी लढतो. हाडं वारंवार मोडल्यामुळे त्याने लाथांची शैली बसवलीय, अंगभर 5 टक्के शक्ती खेळवत, आणि त्या रात्री तो 8 टक्क्यांपर्यंत जातो. दुसरा, त्याची हवेतली हालचाल बाकुगोसारखी झालीय. बाकुगोला हे आधीच एका सराव-शर्यतीत दिसलं होतं आणि तो हादरला होता. देकूला ऑल माइटसारखं वाचवायचं असतं, पण जिंकायचं म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो काच्चान. इतका की लढताना त्याची भाषाही तशीच शिवराळ होते. ऑल माइट टीव्हीतला देव. हाताच्या अंतरावर असलेला थोर माणूस हाच, असं देकू मनोमन मानत आलाय. छळणाऱ्यालाच आदर्श मानणं कितपत निरोगी, हा प्रश्न मालिका टाळते. मी तो इथे नोंदवून ठेवतो.

शेवटी बाकुगो देकूचं डोकं जमिनीवर दाबून धरतो. जिंकला. आणि तरी समाधान नाही: ऑल माइटची शक्ती मिळवूनही तू माझ्याकडून हरतोस, मग मी का... वाक्य पुरं होत नाही.

मोठ्यांनी काय केलं

तेवढ्यात ऑल माइट येतात. आणि या माणसाने आतापर्यंत केलेलं सगळ्यात चांगलं काम, माझ्या मते कामिनोपेक्षाही मोठं, पुढच्या दोन मिनिटांत होतं. ते बाकुगोला सांगतात की तुझ्यामुळे काही झालं नाही, माझी शक्ती तशीही संपत आली होती. तू कणखर आहेस म्हणून मी तुझ्यावर ओझं टाकत गेलो आणि तुझ्याकडे पाहिलंच नाही; चूक माझी. डोक्यावर हात ठेवतात. बाकुगो हात झटकून टाकतो, पण ऐकतो.

मग ते दोघांना सांगतात की तुम्ही दोघं एकमेकांच्या ताकदीचा स्वीकार केलात, तर वाचवण्यासाठी जिंकणारे आणि जिंकून वाचवणारे हीरो व्हाल. हे वाक्य पुढे मालिकेचं ब्रीद झालं. मला मात्र त्याच्या आधीची ती माफी जास्त उपयोगाची वाटते. बाकुगोची गाठ सल्ल्याने सैल झाली नाही. तो पडलेला असताना कुणीतरी त्याला पाहिलं, आणि पहिल्यांदाच पाहणाऱ्याने ‘तुझं कसं होणार’ न म्हणता ‘माझं चुकलं’ म्हटलं. शिवाय त्याला खरं सांगितलं गेलं. वन फॉर ऑल, म्हणजे ऑल माइटने देकूला दिलेली शक्ती, तिचं रहस्य त्या रात्री त्याच्याही वाट्याला आलं, आणि तो ते जपायला तयार झाला. चुरस मिटली नाही. निवडल्या गेलेल्या तुला मागे टाकीन, असं तो देकूला तोंडावर बोलून दाखवतो. पण आता त्याला ठाऊक होतं की शर्यत कशाची आहे.

यूएतले वर्गशिक्षक ऐझावा सर चिडून दोघांना बांधतात. शिक्षा: बाकुगोला चार दिवस, देकूला तीन दिवस वसतिगृहात नजरकैद आणि तिथल्या सामायिक जागांची साफसफाई. दुसऱ्या सत्राचा पहिला दिवस दोघं झाडू मारत घालवतात. तिथे देकू भीतभीत विचारतो, माझी लाथांची पद्धत कशी वाटली? आणि बाकुगो उत्तर देतो. हालचाल सुरू होण्याआधीच कळते, वेग वाढला तरी अडवता येते. पण मध्ये ठोसा घातलास ते वैताग आणणारं होतं. झालं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने देकूला धमकी, टोमणा किंवा गुरगुर यांच्याशिवाय काही दिलं. लढाईपेक्षा हे झाडूचं दृश्य मी अनेकदा मागे नेऊन पाहिलंय.

नंतरचं

त्यानंतर बाकुगो बदलला असं म्हणणं घाईचं होईल. तो तसाच ओरडतो, तशीच नावं ठेवतो. पण रहस्यात सामील झाल्यामुळे तो देकूच्या सरावात डोकं घालू लागतो, नव्याने येणाऱ्या क्वर्कची माहिती ऑल माइटकडे बसून ऐकतो. एंडेव्हर या हीरोकडच्या प्रशिक्षणात दोघं तोदोरोकीसह एकत्र काम करतात.

6व्या सीझनच्या युद्धात व्हिलन शिगाराकीच्या अंगातून सुटलेले काळे सुळे देकूवर येतात आणि बाकुगो मध्ये घुसतो. विचार करून नव्हे. अंग आपोआप हललं. चिखलाच्या व्हिलनकडे धावलेल्या देकूला ऑल माइटने याच कारणासाठी निवडलं होतं. होरिकोशींनी ते न सांगता दाखवलं असतं तर जास्त आवडलं असतं, पण शोनेनमध्ये, म्हणजे पोरांसाठीच्या मांगांत, सांगतातच.

मग माफी. देकू शाळा सोडून एकटाच व्हिलनांच्या मागे भटकतोय, झोप नाही, अंगावर फाटका वेष. सगळा वर्ग त्याला परत आणायला येतो आणि पावसात बाकुगो बोलतो. तुझ्याकडे क्वर्क नव्हता म्हणून मी तुला तुच्छ लेखलं. तू माझ्या कितीतरी मागे असायला हवा होतास आणि मला वाटायचं तू पुढे आहेस. ते बघवेना, म्हणून छळलं. असं बोलल्याने आपल्यात काही बदलेल अशी अपेक्षा नाही, पण मनातलं खरं हे आहे. आणि मग, देकू नाही, इझुकु म्हणून हाक मारून तो माफी मागतो.

ही माफी चांगली का, यावर मी बराच विचार केलाय. तिच्यात अटी नाहीत, ‘तूही थोडा’ नाही, क्षमेची मागणी नाही. चूक काय केली आणि का केली, दोन्ही सांगितलंय. लहानपणी केलेल्या छळाची अशी सरळ कबुली मी या प्रकारच्या मालिकांत फार पाहिलेली नाही. ग्राउंड बीटावर ऑल माइटने त्याच्यासमोर जसं केलं, जवळजवळ तसंच तो इथे देकूसमोर करतो. कोसळणाऱ्या देकूला तोच धरतो.

जमा बाजू झाली. आता नावे बाजू. देकू स्वतःसाठी कधीच धड रागावत नाही. दुसऱ्यांवरच्या अन्यायाने पेटून उठणारा हा मुलगा गच्चीवरून उडी मार म्हणणाऱ्याला एकदाही जाब विचारत नाही. लेखकाला त्याचा चांगुलपणा जपायचा होता, पण त्यामुळे माफी एकतर्फी आणि थोडी सोपी झाली. जपानमधल्या वाचकांच्या मतदानात बाकुगो वारंवार पहिला आला, यात मला नवल नाही: बदलायचं काम सगळं त्याच्या वाट्याला आलंय आणि वाचक त्याच्यामागे जातो. देकूला त्या प्रवासात उभं राहून थांबायचं काम मिळालं. शिवाय भर वर्गात त्याची टर उडू देणारे ते जुन्या शाळेतले वर्गशिक्षक, बाकुगोमागे खिदळणारी ती दोन पोरं, त्यांना कथेत कुणी काही विचारत नाही. छळाचा सगळा हिशेब एका मुलाच्या नावावर टाकला की शाळा मोकळी सुटते, आणि इथे ती सुटलीच.

शेवटच्या युद्धात बाकुगोचं हृदय फुटतं, एजशॉट नावाचा हीरो स्वतःचं शरीर धाग्यासारखं ताणून ते शिवतो आणि तो परततो. देकू जिंकतो, पण वन फॉर ऑल गमावून. उरते ती विझत चाललेली धग. इस्पितळात हे ऐकून बाकुगो रडतो. आपण आयुष्यभर असेच एकमेकांशी झुंजत राहू, असं त्याने गृहीत धरलं होतं. मांगाच्या अखेरच्या प्रकरणात आठ वर्षं उलटलीत, देकू यूएत शिक्षक आहे, आणि एक दिवस ऑल माइट त्याच्यासमोर एक पेटी ठेवतात. आत तांत्रिक सूट, ज्याने तो पुन्हा हीरो म्हणून मैदानात उतरू शकेल. पैसा वर्गातल्या सगळ्यांनी घातलाय, पुढाकार बाकुगोचा. बरेच चाहते याला मैत्रीची भेट म्हणतात. असेलही. मला त्यात बाकुगोचा स्वार्थ तितकाच दिसतो: शर्यतीत पुढे पळून मागे कुणी नसेल तर त्या पळण्यात त्याला गोडी नाही, म्हणून आठ वर्षं पैसे साठवून त्याने स्वतःसाठी प्रतिस्पर्धी परत मिळवला.